दुभाष्या उठला की

दुभाष्या मस्यू अल्फोन्सने खुर्चीच्या हातांवर पंजे टेकले आणि न्यायाधीश नाफिझ एफेंदींनी ते पाहिलं. हा माणूस आता पुन्हा उठणार.

इझमीरच्या कोर्टात परकीय प्रजाजनावर खटला चालवायचा, तर त्याच्या वकिलातीचा दुभाष्या हजर लागतो. तो दाराबाहेर गेला की त्यानंतर कोर्टात जे बोललं जाईल ते बोललंच गेलं नाही, असं धरायचं. तुर्की सुलतानाच्या पूर्वजांनी कधी काळी परकीयांना तहात मोठ्या मनाने दिलेली ही सवलत. तेव्हा साम्राज्याकडे द्यायला पुष्कळ होतं. मस्यू अल्फोन्स जन्मला इझमीरमध्ये, शिव्याही इझमीरच्याच देतो, पण कोर्टात पाऊल टाकलं की तो वकिलातीचा. मागे एकदा ऐन साक्षीत त्याचं डोकं दुखलं. एकदा बायकोचा सण आठवला. गेल्या वेळी तर त्याने कारण सांगायचेही कष्ट घेतले नाहीत.

आरोपी शाकिर बे समोर पायावर पाय टाकून बसला होता. त्याच्या वाफेच्या होडीने अंधारात इद्रिस नावाड्याची होडी चिरडली, इद्रिस बुडाला, आणि त्यानंतर लगेच शाकिर बेचा आजोबा, ज्या देशाची ही वकिलात, त्या देशाच्या कुठल्याशा वसाहतीत जन्मलेला निघाला. शाकिरचा बाप याच शहरातल्या मशिदीत बांग द्यायचा, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. पण वकिलातीने कागद दिला आणि नातू रातोरात परदेशी झाला.

बंदराच्या कचेरीने केव्हाच लिहून टाकलं होतं की इद्रिसच्या होडीवर दिवा नव्हता, चूक त्याचीच. कोर्टाने वेगळं म्हटलं नाही, तर तेच कायम राहणार. धक्क्यावरचे लोकही आता म्हणू लागले होते की पोरगा आळसाने मेला. इद्रिसची आई शेरिफे दर तारखेला येऊन भिंतीलगत बसायची ती हे पुसलं जावं एवढ्यासाठी. तिला दुसरं काही नको होतं.

त्यात सकाळी सुभेदाराचा चिटणीस येऊन गेला होता. राजधानीत सरहद्दीची बोलणी चालू आहेत, त्याच देशाच्या राजदूताने शब्द टाकला तर दोन जिल्हे हातचे जाणार नाहीत, तेव्हा त्यांच्या माणसाला दुखवू नका, असा निरोप. नाफिझ एफेंदी वैतागून म्हणाले, की जिल्हे जरूर वाचवा, पण तिथे न्याय कुणाचा चालणार तेवढं विचारून ठेवा. चिटणिसाला हे अजिबात आवडलं नाही. तरीही कॉफी संपेपर्यंत तो जागचा हलला नाही. दिलेली कॉफी अर्धी टाकून उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. तिथेच नाफिझ एफेंदींना युक्ती सुचली.

आता त्यांनी शिपाई दुर्मुशला खूण केली. दुर्मुश कढत कॉफी घेऊन आला आणि कप त्याने थेट मस्यू अल्फोन्सच्या हातातच दिला. मस्यू अल्फोन्स पुन्हा खुर्चीत टेकला. शेवटी तोही इथलाच. नाफिझ एफेंदींनी निवाडा उचलला आणि भरभर वाचायला सुरुवात केली. फिर्याद वाचून झाली, कोळ्यांच्या साक्षी वाचून झाल्या. मस्यू अल्फोन्स फुंकर घालून घोट घेत होता. दुर्मुश कॉफीचं भांडं घेऊन त्याच्या पाठीशी उभाच होता, कप रिकामा होऊ द्यायचा नाही असा त्याला हुकूम होता. आयुष्यात पहिल्यांदाच नाफिझ एफेंदींना वाटलं, की तहापेक्षा रीत मोठी.

“म्हणून हे कोर्ट...” त्यांनी वाचलं.

मस्यू अल्फोन्स कप हातात घेऊन उठला. थेंबही न सांडता दारापर्यंत गेला, उंबरा ओलांडला, पलीकडे वळून उभा राहिला आणि तिथे पुढचा घोट घेतला.

“कॉफी फर्मास झालीय, एफेंदी,” तो म्हणाला. “इथे जरा वारा आहे.”

दुर्मुश हळूच म्हणाला, “साहेब, गेले ते बाहेर.”

“दिसतंय मला. माझे डोळे अजून परदेशी झालेले नाहीत.”

शाकिर बे हसला, फेज टोपी नीट केली आणि निघायची परवानगी मागू लागला. नाफिझ एफेंदींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आवाज चढवला आणि उरलेला निवाडा वाचून टाकला. इद्रिसच्या होडीच्या टोकाला दिवा पेटलेला होता. समोरून येणाऱ्याने तो पाहिला आणि वाट दिली नाही. दोष शाकिरचा.

“एफेंदी,” दाराबाहेरून मस्यू अल्फोन्स अगदी सौम्यपणे म्हणाला, “मी तिथे नाही.”

“तुम्ही असता तरी कधी?”

शेरिफे उठून टेबलाजवळ आली. नाफिझ एफेंदींना तिच्याकडे बघवेना. त्यांनी तिला खरं ते सांगून टाकलं: हे कुठल्याही कचेरीत चालणार नाही, बंदराच्या दफ्तरात जुनंच राहील, आणि आपली तर आता सरहद्दीवर बदली होईल, तोवर सरहद्द शिल्लक असली तर.

“माझा इलाज नाही, मावशी,” ते म्हणाले. “हे वाचलं न वाचलं, सारखंच.”

“मला ते कुठं चालवायचंय, साहेब,” शेरिफे म्हणाली. “दिव्याचं तेवढं परत वाचा. या वेळी जरा सावकाश.”