बादलीतलं हसू

बिअरच्या छोट्याशा नव्या कारखान्यात वहिनीने टाकीचा शेवटचा बोल्ट आवळला आणि टाकीतून निघणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बादलीत सोडलं. बिअर आंबायला लागली, की बुडबुडे तिथून निघायचे होते. टाकी अजून कोरडी ठणठणीत होती, पण नळी पाण्यात बुडालेली बघितल्याशिवाय वहिनीला चैन पडेना.

"टाकी अगदी तुमच्यासारखी आहे, भावोजी," ती म्हणाली. "पोट एवढं मोठं, आणि आत काही नाही."

दीर खो खो हसला. मागोमाग बादलीतही बुडबुड झाली.

"हवा अडकली असेल," तो म्हणाला.

"हवेला विनोद कळतो वाटतं?" वहिनी म्हणाली, आणि दोघं पुन्हा हसले. ते थांबले तरी बादली खुदुखुदु हसतच राहिली. वहिनी खूश झाली. पहिलं गिऱ्हाईक तरी रसिक निघालं!

"बघतोच कोण आहे ते," म्हणत दीर शिडी चढला, झाकण उघडून कमरेपर्यंत आत वाकला.

"रिकामीच आहे, वहिनी," त्याचा आवाज आतून घुमला.

या वेळी कुणीच विनोद केला नव्हता. तरी वहिनीच्या पायाशी बादली पाणी उडेपर्यंत हसायला लागली.