चौथी नळी

राइलीने चौथी नळी पुन्हा खिडकीशी धरली. पिवळीच होती, हळद कालवल्यासारखी. रक्ताच्या बाकीच्या तिन्ही जवळजवळ पाण्यासारख्या.

शेजारची, ताडून बघायला ठेवलेली पाचवी नळी पिवळी व्हायलाच हवी होती. तिच्यात माणसाचं एन्झाइम होतं, पण माणसाच्या शरीरातून काढलेलं नाही. त्याचं जनुक जिवाणूंमध्ये घालून त्यांच्याकडून घडवून घेतलेलं. तुर्कू शहरातल्या या प्रयोगशाळेत राइली आणि तिची सहकारी वेन्ला वर्षभर त्याच्यामागे होत्या. ते एक अमिनो आम्ल फस्त करतं, आणि तसं झालं की नळी पिवळी होते. त्या आम्लावाचून आसपासच्या लढाऊ पेशींची उपासमार होते आणि त्या गप्प बसतात. आईचं शरीर पोटातल्या बाळावर उलटत नाही, त्यात याचाही हात असतो. कॅन्सरच्या गाठींनीही हीच युक्ती उचलली आहे.

तुलनेसाठी निरोगी रक्त हवं होतं, म्हणून वेन्लाने मजल्यावरच्या बाकी चौघींचं काढून घेतलं. चौथी नळी राइलीची.

काही वर्षांपूर्वी तिच्या स्तनातली गाठ काढली होती. तेव्हापासून डॉक्टर दर तपासणीला 'सगळं ठीक' म्हणत आले होते. तिने त्याच रक्तावर चाचणी पुन्हा केली. पुन्हा पिवळी. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली. वेन्लाजवळ ती काही बोलली नाही.

शनिवारी तिने वेन्लाला बेटावरच्या आपल्या झोपडीवर बोलावलं. दोघी धक्क्यावर कॉफी घेऊन बसल्या.

"प्रकल्प आता तू सांभाळ," राइली म्हणाली. "मी वर तुझं नाव कळवते."

"आणि तुम्ही?"

"मी होडी रंगवीन."

"हे दर उन्हाळ्यात म्हणता. होडी बिचारी अजून वाट बघतेय."

राइली हसली. होडी कुणाला द्यावी, हे तिने मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

वेन्लाने दालचिनीच्या पावाचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "मला नाही जमणार, राइली. हिवाळ्यात मी रजेवर असेन. बाळ होणार आहे मला."

राइलीने कप खाली ठेवला. मग तिने वेन्लाला जवळ ओढलं. "अगं, मग आधी नाही का सांगायचं? मी आपली होडीचं पुराण लावून बसलेय."

तिला मनापासून आनंद झाला होता. ते बाळ बघायला आपण असू का, एवढंच मनात आलं, आणि ते तिने गिळून टाकलं.

"रडताय की काय?"

"वारा झोंबतोय डोळ्यांना. तू पाव खा आधी."

वेन्लाने पाव खाली ठेवला. "अजून एक आहे. तुम्ही रागवाल."

"आज नाही रागवणार. बोल."

"आपला शोधनिबंध छापायला जायच्या आत सांगायलाच हवं. तुमची रक्ताची नळी त्या दिवशी माझ्या हातून पडून फुटली. तुम्ही बैठकीत होतात, परत सुई टोचून घ्या म्हणायची हिंमत झाली नाही. म्हणून मी तिच्या जागी माझंच रक्त भरलं."