निरोगी रक्त
रक्तपेशीच्या पडद्यातून मीठ बाहेर फेकणारा पंप मधुमेहात आणि रक्तदाबात मंदावतो का, हे सरांची विद्यार्थिनी तपासत होती. तुलनेसाठी निरोगी रक्त मात्र सरांचंच घ्यायचं, हा प्रयोगशाळेचा रिवाज. "पन्नाशी उलटली, पण रक्त कसं खणखणीत नाणं!" असं सर छाती फुगवून सांगायचे. आज ती रडवेली होऊन आली. "सर, रुग्णांच्या आणि तुमच्या पेशींत फरकच दिसत नाही. माझाच हात कच्चा. पुन्हा रक्त देता?" रक्त द्यायला सरांनी कोट काढला, तशा खिशातून गोळ्यांच्या दोन पट्ट्या पडल्या: एक मधुमेहाची, एक रक्तदाबाची. तिनं त्या उचलल्या, नावं वाचली आणि कोटाच्या खिशात परत ठेवल्या. मग सुई सरांच्या हाती देऊन तिनं स्वतःची बाही वर केली. डोळे भरून आलेल्या सरांना शीरच दिसेना.