थर्मामीटर मावशी

"एकोणतीस नंबर. मागचा डावा सड," मावशी म्हणाली आणि तिनं गाईच्या पाठीवर खडूनं फुली मारली.

जनावरांच्या डॉक्टरांनी कॅमेरा कासेसमोर धरला. पडद्यावर चारही सड सारखेच पिवळे दिसत होते. कुठं दाह असता तर तेवढीच जागा लालभडक दिसली असती.

"कॅमेरा म्हणतो, गाय ठणठणीत आहे."

"म्हणू दे की. उद्या विचारा त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणतीस नंबरचा मागचा डावा सड पडद्यावर लाल झालेला होता. दुधाच्या तपासणीतही दाहच निघाला. डॉक्टरांनी वहीत नोंद केली आणि ते पेनाचं टोपण चावत पुढच्या गाईकडे गेले.

गोठ्यात साठ गाई होत्या. दूध यंत्रानं काढलं जाई, पण यंत्र लावायच्या आधी प्रत्येक कासेवरून मावशीचा हात फिरायचा. कासेला दाह झाला की दूध नासतं, आणि वेळेत कळलं नाही तर सड दगडासारखा होऊन कायमचा आटतो. मावशीच्या हातून तसं जनावर कधी निसटलं नव्हतं. म्हणून सगळे तिला थर्मामीटर मावशी म्हणायचे.

पण मावशीची साठी उलटून गेली होती, आणि मालकीणबाईंनी हा उष्णता टिपणारा कॅमेरा मागवला होता. "दहा दिवस दोघांना शेजारी शेजारी काम करू द्या," त्या डॉक्टरांना म्हणाल्या होत्या. "यंत्र सरस ठरलं तर मावशीला सुट्टी. खोली आहेच तिची, बसून खाईल."

हे कानावर आलं तेव्हा मावशी एवढंच म्हणाली, "बसून खाणारी माणसं फार दिवस खात नाहीत."

डॉक्टर आले होते ते कॅमेऱ्याच्या बाजूनं. पण तीन दिवसांत चुरस बाजूलाच राहिली आणि एकाच प्रश्नानं त्यांच्या डोक्यात घर केलं. यंत्राला न दिसणारी ऊब या बाईच्या बोटांना कळते तरी कशी?

त्यांनी स्वतः करून पाहिलं. डोळे मिटून ओळीनं बारा कासांवरून हात फिरवला. बाराच्या बारा सारख्याच उबदार लागल्या. गाई निवांत रवंथ करत राहिल्या.

मग ते दोन मग पाणी घेऊन आले. एकातलं पाणी अर्ध्या अंशानं जास्त गरम होतं.

"मावशी, बोट बुडवून सांगा बघू, गरम कोणतं?"

"पाण्याला कास असते का?" मावशी म्हणाली आणि पुढच्या गाईकडे वळली. तिच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती.

"हे कशानं कापलं?"

"कापलं असेल कशानं तरी. सरका जरा, गाय बिचकेल."

दहाव्या दिवशी हिशेब लागला. अकरा गाई आजारी पडल्या होत्या. कॅमेऱ्यानं नऊ पकडल्या. मावशीनं अकराच्या अकरा, आणि त्यातल्या बहुतेक एक दिवस आधी.

मालकीणबाई मोकळ्या मनाच्या होत्या. हरल्याचं त्यांना काही वाटलं नाही. "कॅमेरा राहू दे, पण मावशीच्या हाताखाली," त्या हसत म्हणाल्या. "आणि मावशी, उद्यापासून दोन पोरी देते. तुमचा हात त्यांना शिकवून ठेवा."

मावशीचा चेहरा खुलायचा तर उतरला. "हात काय शिकवायचा असतो," ती पुटपुटली आणि गोठ्यात निघून गेली.

डॉक्टर तिच्या मागोमाग गेले. अहवालाला एक चित्र हवं होतं. आजवर डॉक्टर चित्र घेताना तिला बाजूला व्हायला सांगत. आज पहिल्यांदाच म्हणाले, "मावशी, हात कासेवरच राहू द्या. तुमचाही मान आहे यात."

त्यांनी पडद्यावर पाहिलं. कास पिवळीधमक होती. तिच्यावर मनगटापर्यंत दोन गर्द निळे पंजे टेकलेले होते, मागच्या गार लोखंडी गजाइतके निळे.

डॉक्टरांनी भिंग पुसलं. स्वतःचा हात समोर धरला. तो नारिंगी दिसला.

"पाण्यात होते का हात?"

"सकाळपासून कोरडेच आहेत."

मावशी गाईशी बोलत होती. डॉक्टरांनी तिचं बोट हातात घेतलं आणि पेनाचं टोक हलकेच टोचलं. मग जरा जोरात. मावशी गाईशी बोलतच राहिली.

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं.

"मावशी, हे कधीपासून?"

तिनं चमकून खाली पाहिलं, बोट मागं घेतलं आणि दाराकडे नजर टाकली. तिथं कुणी नव्हतं.

"सहा वर्षं होतील. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही थांबल्या. आता विस्तवावर ठेवले तरी कळायचं नाही. मालकीणबाईंना बोलू नका."

"मी जनावरांचा डॉक्टर आहे. हे माणसांच्या डॉक्टरला दाखवायला हवं, याच आठवड्यात. मी स्वतः नेतो तुम्हाला." ते थांबले. त्यांना राहवेना. "पण मग गाईचं दुखणं तुम्हाला कळतं कसं?"

"मला कुठं कळतंय?" मावशी म्हणाली. "मी नुसता हात लावते. हा गार हात दुखऱ्या सडाला लागला, की गाय मान वळवून माझ्याकडं बघते. मी फुली मारते." तिनं दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले. "येते मी तुमच्याबरोबर. पण त्या डॉक्टरांना आधी एवढं विचारून घ्या हो. बरे केले तरी हात गारच राहतील ना?"