वरातीचा घोडा

हर्षलने घोडा कमरेवरून खाली ढकलला, त्यातून पाय बाहेर काढले आणि तो रडत घरात पळाला. गल्लीतली पोरं अजून ओरडतच होती, "नवरदेव रुसला! नवरदेव रुसला!"

पिंप्राळ्याच्या त्या अंगणात नासीरभाई मान खाली घालून उभे होते. घोडा त्यांनीच बनवला होता. सकाळी शिरपूरहून एस.टी.ने येताना तो मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरने घोड्याचं अर्धं तिकीट मागितलं, तेव्हा सगळी गाडी हसली होती आणि तेही हसले होते.

घोडा अंगात घालायचा होता. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर तपकिरी कापड, पाठीला मोठं भोक. पोराने भोकात उभं राहायचं आणि पट्टे खांद्यावर अडकवायचे. दोन्ही बाजूंना कापूस भरलेले खोटे पाय लोंबायचे, त्यामुळे पोरगं घोड्यावर बसल्यासारखं दिसायचं. लगाम ओढला की घोड्याची मान वर व्हायची. पहिला सांगाडा गुडघ्यांना लागत होता, म्हणून तो मोडून त्यांनी दुसरा बांधला होता.

हर्षलचे आजोबा रुपचंदशेठ खेळण्यांचे व्यापारी. त्यांनी नासीरभाईंना एक चित्र दिलं होतं. रुंद टोपीचा माणूस, कमरेला पिस्तूल, खाली घोडा.

"ह्याला काऊबॉय म्हणतात," शेठ म्हणाले होते. "पोरं व्हिडिओवर हेच बघतात आणि दिवसभर हेच खेळतात. असा अंगात घालायचा घोडा करा. आमच्या हर्षलला आवडला तर आखाजीच्या सणाआधी दुकानात लावू. माझा माल तोच पास करतो."

नासीरभाईंनी उभा जन्म नवरदेवाच्या घोड्यांचे साज शिवले होते. चित्रातला घोडा बघून त्यांना वाईट वाटलं. ना गोंडा, ना कवडी, ना आरसा. चित्र काढणाऱ्याला घाई झाली असेल असं समजून, त्याचं राहिलेलं काम त्यांनी स्वतः पुरं केलं. कपाळाला लाल गोंडा लावला. गळ्यात कवड्या घातल्या. अंगभर आरसे टाचले.

हल्ली शिरपुरात नवरदेव फुलांनी सजवलेल्या जीपमधून जात होते. साज कोणी मागत नव्हतं. मुलाने कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर त्यांच्यासाठी रखवालदाराची जागा बघून ठेवली होती. घोडा पसंत पडला तर घरी बसून शिवायचं, नाही तर सोमवारपासून काठी घेऊन फाटकावर उभं राहायचं, असं बापलेकांचं बोलणं झालं होतं.

"नासीरभाई," रुपचंदशेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "मी डाकूंच्या मागे पळणारा घोडा मागितला आणि तुम्ही वरातीचा आणला. ह्याच्यावर बसून पोरगं गोळ्या झाडेल की मुंडावळ्या बांधेल?"

शेठच्या घरच्या, प्रमिलाबाई, दारात पदराने हसू झाकत होत्या. "घोडा तं देखना शे," त्या म्हणाल्या, "पन बठ्ठी गल्ली हासी राह्यनी ना!"

"साज काढून टाकतो, शेठ," नासीरभाई म्हणाले. "खाली घोडा साधाच आहे."

"काढा. आधी चहा घ्या. मग उघडा घोडा त्याला दाखवू. तो नको म्हणाला तर मात्र माझा इलाज नाही."

ओट्यावर बसून नासीरभाईंनी चहा बशीत ओतला. कशीबशी बशी रिकामी करून त्यांनी खिशातून कात्री काढली आणि अंगणात पाहिलं. घोडा तिथे नव्हता.

गल्लीच्या टोकाकडून तोंडाने वाजवलेला बँड ऐकू येत होता.

शेजारची रत्ना घोडा घालून मधोमध चालली होती. डोक्यावर पुठ्ठ्याची काऊबॉयची टोपी आणि टोपीला कण्हेरीच्या फुलांच्या मुंडावळ्या. एकाने गळ्यात डबा अडकवला होता. बाकीचे पुढे नाचत होते. तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून पिस्तुलाच्या टिकल्या फुटल्या आणि तोंडाला रुमाल बांधलेले डाकू वरातीवर तुटून पडले. वऱ्हाड किंचाळत पांगलं. रत्नाने लगाम ओढला. घोड्याची मान वर झाली. आरसे उन्हात असे लखलखले की डाकूंचा सरदार डोळ्यांवर हात धरून खाली बसला.

"मेला!" रत्ना ओरडली.

"अजून नाही! कवड्या हिसकावल्यावर मरेन!"

ओरडा ऐकून हर्षल तोंड न धुताच बाहेर आला. "माझा घोडा आहे! मला दे!"

"तू रुसला ना?" रत्ना म्हणाली. "नवरदेव रुसला म्हणून वरात थांबते का? घ्यायचा तर रुमाल घे आणि डाकू हो."

हर्षलने आजोबांकडे पाहिलं. आजोबा वरातच बघत होते. मग त्याने रुमाल घेतला.

रुपचंदशेठ ओट्यावरून उतरून गल्लीत आले होते. खेळ संपेपर्यंत पोरांना थांबवणं त्यांना जमेना. वरात निघाली, लुटली गेली, पुन्हा निघाली. शेवटी दमून सगळी पोरं टाकीपाशी बसली. नासीरभाई जवळ गेले. रत्नाच्या खांद्यावरचे पट्टे त्यांनी हळूच सोडवले, घोडा आपल्यापुढे घेतला आणि ठरल्याप्रमाणे गळ्याजवळच्या पहिल्या आरशाच्या टाक्याला कात्री लावली.

तोंडावरचा रुमाल खाली ओढत हर्षल धावत आला आणि त्याने त्यांचा हात धरला.

"चाचा, आरसे काढू नका! मग आम्ही लुटायचं काय?"