म्हाताऱ्याचं शेवटचं वाक्य

"यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही," डूगी मॅकफेल माइकवर म्हणाला, "पण आमचा म्हातारा मरता मरता माझा शो पाडून गेला."

"त्याला एकट्यालाच कशाला श्रेय देतोस?" बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं.

"थांब रे, तुझाही नंबर येतोय."

सहाशे माणसं हसली. ग्लासगोच्या लोकांची खोडच अशी की विनोद फसला तर ती उठून घरी जात नाहीत. थांबतात आणि का फसला ते सांगतात. डूगीला त्याची भीती नव्हती. सव्वीस वर्षं त्याने पबांच्या मागच्या खोल्यांत यांच्याच शिव्या खाल्ल्या होत्या.

आज मात्र समोर चार कॅमेरे होते. त्याचा तासाभराचा कार्यक्रम पहिल्यांदाच चित्रित होत होता आणि तो जगभर घरोघरी दिसणार होता. असल्या कामाची रीत ठरलेली: एकाच दिवशी दोन प्रयोग करायचे, दोन्हींना तेच कपडे घालायचे, आणि मग दोन्हींतले चांगले तुकडे एकमेकांना जोडायचे. दुपारचा प्रयोग झकास झाला होता. फक्त हा शेवटचा किस्सा वाया गेला. ऐन मोक्याला तिसऱ्या रांगेतल्या एका बाईला ठसका लागला, आणि तो अर्ध्या थिएटरभर पसरूनच थांबला. आता एवढा एकच तुकडा हवा होता. हा नाही, तर कार्यक्रमाला शेवट नाही.

किस्सा अकरा वर्षांचा, घासूनपुसून गुळगुळीत झालेला. हॉस्पिटलची खोली. पलंगावर म्हातारा. जन्मभर पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर शिट्टी फुंकलेला, पोराच्या एकाही विनोदाला न हसलेला. डूगी उशाशी बसून त्याला एक नवा विनोद सांगतो. म्हातारा दोन बोटांनी ऑक्सिजनचा मास्क उचलतो, म्हणतो, "हा मागच्या नाताळातही सांगितलास," मास्क जागेवर ठेवतो आणि मरतो.

लोक खुर्च्यांवरून घसरायचे. अडचण एवढीच होती की डूगीने त्या खोलीत पाऊलही ठेवलं नव्हतं. तो तेव्हा समुद्रकाठच्या एका छावणीत सुट्टीवर आलेल्या कुटुंबांना हसवत होता. थोरल्या बहिणीने, मोरॅगने, तीनदा निरोप धाडला. त्याने तिन्ही वेळा कळवलं, उद्या निघतो. उद्या प्रयोग असायचा.

सुरुवातीला ती नुसती थाप होती. मग थापेभोवती भिंती उभ्या राहिल्या. भिंतींना हिरवट रंग आला, फिनेलचा वास आला. हल्ली तर डूगीने माइक हातात घेतला की आधी मास्कमधला श्वास ऐकू यायचा, फस्स... फस्स..., आणि मागून त्याचा स्वतःचा आवाज. बापाचा खरा आवाज आठवायला गेलं की स्वतःच केलेली नक्कल कानात वाजायची. दुसरा आवाज उरलाच नव्हता.

"खोलीत आम्ही दोघंच," डूगी म्हणाला. "बाकी कुणी फिरकलंसुद्धा नाही."

याच वाक्यावर दिवे मंद व्हायचे, तसे झाले. डोळ्यांवरची तिरीप गेली आणि पुढची रांग दिसली.

रांगेच्या मधोमध मोरॅग बसली होती. चर्चला जायचा निळा कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, मांडीवर पर्स.

प्रयोगाआधी दिग्दर्शिका कर्स्टी डोळे मिचकावून म्हणाली होती, "तुझ्यासाठी एक गंमत आणलीये. घरचं माणूस हसताना कॅमेऱ्यात फार गोड दिसतं." डूगीला वाटलं, केक असेल. मोरॅगला त्याने अकरा वर्षांत एकाही प्रयोगाला येऊ दिलं नव्हतं. "शिव्या फार असतात गं," एवढं सांगितलं की तिचं समाधान व्हायचं. निदान त्याला तसं वाटायचं.

एक कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ सरकला. ती हसत नव्हती. रागावलेलीही नव्हती. रस्ता चुकलेल्या माणसाकडे पाहावं तशी ती डूगीकडे पाहत होती.

वळायला अजून जागा होती. दुसरा किस्सा घेता आला असता, पाणी प्यायचं निमित्त करता आलं असतं. कर्स्टी पडद्याआडून बोट गरगर फिरवत होती. चालू दे, चालू दे.

फस्स... फस्स... श्वास आज फार जवळून येत होता. माइकमधून नव्हे, मानेमागून. डूगीने मागे पाहिलं नाही.

"मी विनोद सांगितला," तो म्हणाला. जीभ आपल्या सवयीने पुढे गेली. "आयुष्यातला सगळ्यात चांगला. म्हाताऱ्याने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. आणि हळूच..."

त्याने दोन बोटं वर नेली. थिएटर चिडीचूप झालं. आज कुणालाही ठसका लागला नाही.

"मास्क नव्हता, डूगी," मोरॅग म्हणाली. ओरडून नाही, त्याला जेवायला हाक मारायची त्याच आवाजात. "बाबांच्या घशात नळी होती. नऊ दिवस एक शब्द बोलले नाहीत ते."