एर्लिंडाची हमी

“तिता, तुमच्या घराची किल्ली देता का? जेवणं होईपर्यंत मी त्यांची खोकी गाडीत चढवून घेतो,” विक म्हणाला.

एर्लिंडा चर्चच्या स्वयंपाकघरात ऐंशी माणसांच्या नूडल्स परतत होती. विक तिच्या भाच्याचा, रेनान्तेचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, जोसेलिनचा भाऊ; म्हणून तोही तिला ‘तिता’, म्हणजे आत्या, म्हणायचा. दुसऱ्या प्रांतातल्या कॅल्गरीहून बारा तास गाडी हाकत हा खास आजच्या जेवणाला आला, म्हणून सकाळपासून दिसेल त्याला ती त्याचं कौतुक सांगत होती. एवढी मोठी सामानाची गाडी कशाला आणली, हे विचारायचं मात्र तिला सुचलं नव्हतं.

“कुणाची खोकी?”

“रेनान्तेची. अंधार पडायच्या आत निघायचंय आम्हाला.” तिचा चेहरा बघून विक चाचरला. “त्यानं सांगितलं नाही तुम्हाला? उन्हाळ्यापासून वरचा मजला रिकामा ठेवलाय मी त्यांच्यासाठी.”

एर्लिंडाने गॅस बंद केला. उन्हाळ्यात रेनान्ते अजून फिलिपिन्समध्ये, इलोइलोलाच होता. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या या एवढ्याशा गावात येऊन त्याला जेमतेम दीड महिना झाला होता, आणि आजचं जेवण त्याच्या कुटुंबाच्या स्वागताचं होतं. बाहेर भिंतीवर तशी पाटीसुद्धा लावली होती. तिच्या एका शब्दावर त्याला डुकराच्या मांसाच्या कारखान्यात कामाला लावून घेणारा मुकादम बायकोला घेऊन पहिल्या रांगेत बसला होता.

तिने रेनान्तेला आत बोलावलं. तो आला तो हसतच.

“कॅल्गरीला चाललास?”

हसू गेलं. “मी आज सांगणारच होतो, तिता. जेवणं झाल्यावर.”

“पोटभर खाऊन मग?”

“तसं नाही गं. तिथे पगार जास्त आहे, जोसेलिनची माणसं आहेत. आणि मी वकिलाला विचारून घेतलंय. एकदा देशाचे पक्के रहिवासी झालो की कुठंही राहता येतं. प्रांत आपल्याला अडवू शकत नाही.”

“मी तुला कायदा विचारला का?”

कायदा त्याच्याच बाजूचा होता आणि तेही एर्लिंडाला ठाऊक होतं. पण प्रांताच्या ऑफिसातल्या कागदावर ‘याच गावात राहणार’ असं त्याने लिहून दिलं होतं आणि खाली हमीची सही तिची होती. इथेच का राहायचंय, या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं होतं, ‘इथे माझी आत्या आहे, ती मला आईच्या जागी आहे.’ ती ओळ एर्लिंडाने चर्चमध्ये रोझरीच्या प्रार्थनेला जमणाऱ्या बायकांना दोनदा वाचून दाखवली होती. दोन्ही वेळा रडली होती. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

“आर्विनला मी मागं ठेवलं,” ती म्हणाली. “पोटच्या पोराला. एका वेळी एकाचीच हमी देता येते, आणि तुझं अर्ज करायचं वय उलटून चाललं होतं. तू तिथून फोनवर रडत होतास, तिता माझं कसं होणार म्हणून. मी म्हटलं, आधी तुझं होऊ दे, तो थांबेल. चार वर्षं थांबलाय तो. आता त्याचे कागद घेऊन गेले की ऑफिसवाले मला पहिलं काय विचारतील? आधीचा इथे राहिलाच नाही म्हटल्यावर माझी दुसरी हमी कोण धरेल?”

“त्यांना काय कळतंय?” रेनान्तेने आवाज खाली आणला. “माझं टपाल तुझ्याच पत्त्यावर येऊ दे. कुणी विचारलं तर सांग, कामावर गेलाय.”

“म्हणजे खोटं मी बोलायचं.”

“थोडे दिवस गं. आपल्या आर्विनसाठीच.”

आपल्या! एर्लिंडाला वाटलं, हातातला झारा ह्याच्या डोक्यात घालावा. तिने तो कढईत ठेवला. रेनान्ते पुढे झाला आणि कपाळाला लावायला म्हणून तिचा हात धरू लागला. लहानपणापासून तो तिच्या पाया असाच पडायचा. तिने दोन्ही हात अ‍ॅप्रनला पुसायला घेतले आणि पुसतच राहिली. थोडा वेळ वाकून तो सरळ उभा राहिला.

बाहेर टाळ्या सुरू झाल्या. फादर रेनान्तेच्या नावाने हाका मारत होते, मुकादम खुर्ची ओढून जागा करत होता. एर्लिंडाने खिशातून किल्ली काढून विकच्या हातावर ठेवली. ऐंशी माणसांसमोर घरचा तमाशा करणाऱ्यांतली ती नव्हती. रेनान्तेला हे माहीत होतं, म्हणूनच त्याने आजचा दिवस निवडला होता.

नूडल्सची कढई ती बाहेर नेणार तोच फोन वाजला. इलोइलोला सकाळ झाली होती. पडद्यावर आर्विन, केस ओले, कामावर निघायच्या घाईत.

“नाय,” आईला हाक मारत तो म्हणाला, “जेवण जोरात का? रेनान्ते कुयाचं, आपल्या दादाचं बस्तान बसलं ना आता? मग माझे कागद या महिन्यात टाकायचे का पुढच्या?”

एर्लिंडाने फोन रेनान्तेसमोर धरला.

“तूच सांग त्याला.”

रेनान्तेने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग केसांवरून हात फिरवला आणि पडद्याकडे बघून तोंडभर हसला.

“अरे आर्विन! कधीही टाक रे, मी आहे ना इथे. विमानतळावर तुला घ्यायला मीच येतो की नाही बघ.”